लगडीची साठ वर्षे

दापोड्याच्या शिवारात, जेथे एकेकाळी भाताची खाचरे होती, तेथे आज गोदामांच्या पत्र्याखाली निम्मे जग येऊन पडले आहे. आणि त्या मालाची मौज अशी, की त्यातील यःकश्चित खोक्यालाही आपले नाव, गाव, वजन आणि जन्मतारीख सांगणारी चिठ्ठी डकवलेली असते. अशा चिठ्ठीबंद वस्तूंच्या शेजारात वास्तव्य करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला, जिच्यापाशी स्वतःचे नावच उरत नाही अशा एखाद्या वस्तूचे कुतूहल वाटावे हे स्वाभाविक होय. ती वस्तू म्हणजे सोन्याची लगड. आजीची पुतळ्यांची माळ, सावकाराकडे बुडालेल्या पाटल्या आणि चोराने लांबवलेले मंगळसूत्र एकाच मुशीत पडली, की कोणाचा अंश किती हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. १९६३ पासून २०२३ पर्यंतच्या साठ वर्षांकडे वळून पाहताना मला वाटते, की सरकारने सोन्याविषयी जे जे कायदेकानू केले, त्यांच्या मुळाशी या अनामिकतेची धास्ती होती.

सोने गाळण्याचा, म्हणजे गलाईचा, धंदा म्हटला, की सराफकट्ट्यावर विट्याचे नाव निघते. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याकडील माण-खटाव हा पर्जन्यछायेतला, दुष्काळाने पिचलेला मुलूख. जमीन पोटाला पुरेना म्हणून तेथील माणसे बाहेर पडली आणि केरळापासून पंजाबापर्यंत गावोगावच्या सराफ बाजारांच्या बोळांतून त्यांनी भट्ट्या मांडल्या. ही माणसे वंशपरंपरेने सोनार नव्हेत, बहुतांशी शेतकऱ्यांचीच पोरे. परंतु परक्या मुलखातल्या सराफाने दृष्टिआड आपले सोने त्यांच्या हवाली करावे, एवढी पत त्यांनी कमावली, आणि ज्या धंद्यात गुंजभर घट आली तरी इमान पणाला लागते त्यात ती टिकवली.

त्यांची रीत वरवर पाहता विपरीत वाटते. दागिना आला की प्रथम त्याचा टंच काढावयाचा. पूर्वी कसोटीच्या दगडावरील रेघेला तेजाब लावून जी परीक्षा नजरेने होई, ती आता क्ष-किरणांचे यंत्र क्षणार्धात करते. पुढे, जे सोने चोख करावयाचे त्यातच आणखी चांदी घालून सोन्याचा हिस्सा सुमारे चौथाईवर आणावा लागतो. (मराठ्यांचे सरदार चौथाई वसूल करून नेत, गलाईवाला ती शिल्लक ठेवतो, एवढाच भेद.) सोन्याचे प्रमाण याहून फार अधिक असले, तर ते चांदीच्या कणांभोवती कवच धरून बसते आणि तेजाबाचा आत शिरकाव होत नाही. हा मिश्र रस पाण्यात ओतून त्याचा दाणा पाडतात आणि तो दाणा तेजाबात उकळतात; घसा धरणारा तांबूस धूर उठतो, चांदी-तांबे विरघळून जातात, आणि तळाशी जी भुकटी उरते ती इतकी मळकट तपकिरी, की अनभिज्ञ माणूस ती केरात टाकील. तेजाबात गेलेली चांदीही वाया जात नाही. त्यात तांब्याचे पत्रे सोडले, की तांबे स्वतः विरघळून चांदीला मोकळे करते, आणि त्या तांब्याला पुढे लोखंड सोडवते.

भुकटी धुऊन, वाळवून, टाकणखारासह मुशीत घालतात. १०६४ अंश सेल्सियसला ती वितळते आणि मळ ओढून घेतलेला टाकणखार काचेसारखा वर तरंगतो. लोखंडी साचा आधी ऊन करून त्यावर तेलाचे बोट फिरवावयाचे, कारण आत दवाचा थेंब जरी राहिला तरी रस उसळून अंगावर येतो. आणि धार तुटता कामा नये, नाहीतर लगडीच्या अंगावर वळी पडते. चांदी अधिक खोडकर. वितळलेल्या अवस्थेत ती आपल्या आकारमानाच्या सुमारे वीसपट प्राणवायू पोटात घेते आणि थिजताना तो बाहेर टाकत अक्षरशः थुंकते. म्हणून तिच्यावर कोळशाच्या भुकटीचे पांघरूण घालतात. सिडनीच्या टांकसाळीत फ्रान्सिस मिलरने १८६७ साली वितळलेल्या सोन्यात क्लोरीन वायू सोडण्याची आणि हँबर्गमध्ये एमिल वोलविलने १८७४ साली विद्युत्प्रवाहाने सोने शुद्ध करण्याची युक्ती काढली; पैकी दुसरीने शंभरात ९९.९९ भागांपर्यंत शुद्धता मिळते. परंतु त्या रीतींना कारखाना लागतो, तेजाबाला बोळातली एक खोली पुरते.

चीनच्या आक्रमणानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण जारी केले आणि चौदा कॅरटांहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. परकीय चलन वाचावे, चोरटी आयात थांबावी, हा हेतू समजण्याजोगा होता. परंतु ज्याचे सारे कसब मळ काढण्यात, त्याच्या बाजारात शंभरातले बेचाळीस भाग हीण सक्तीचे व्हावे, यातली विसंगती हुकूम काढणाऱ्यांना जाणवली नसावी. सोनारांची तर अन्नान्नदशा झाली. चौदा कॅरटांची अट १९६६ साली उठली; १९६८ चा कायदा मात्र अधिक खोल गेला. गाळणाऱ्याला परवाना आणि हिशेबाच्या वह्या आल्या, आणि सामान्य माणसाला लगड किंवा बिस्कीट बाळगणे हाच गुन्हा ठरला. म्हणजे तोच धातू गळ्यात असता सौभाग्य, आणि साच्यात आडवा निजला की मुद्देमाल! त्याच काळात दहा तोळ्यांची, म्हणजे ११६.६४ ग्रॅमची, परदेशी बिस्किटे कोकण किनाऱ्यावर उतरत राहिली, यावरून कायद्याच्या यशाचे माप ज्याचे त्याने काढावे.

१९९० च्या जूनमध्ये तो कायदा रद्द झाला. पुढे बँकांमार्फत परदेशी सोने उघड येऊ लागले, भात्याची जागा विजेच्या भट्टीने घेतली, आणि सरकारची दृष्टी लगडीवरून दागिन्याकडे वळली. जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र खूण नसलेला हॉलमार्कचा दागिना सराफाला विकता येईना. माझ्या मते ही तजवीज १९६३ च्या हुकुमापेक्षा कितीतरी शहाणपणाची आहे, कारण ती सोने हिणकस करावयास सांगत नाही, खरे बोलावयास सांगते.

परंतु ती खूण असलेली बांगडीही कधीतरी मोडीत निघते. गलाईवाला ती चिमट्याने मुशीत सोडतो, आणि प्रथम जाते ती खूणच. संध्याकाळी दुकान झाडल्यावरचा केर मात्र तो फेकत नाही. फुटक्या मुशींची खापरे आणि भट्टीची राख यांसकट तो झारेकऱ्याकडे जातो, आणि तेथे पाण्यात घोळून घोळून पुन्हा कणभर सोने तळाशी बसते.