आधी कुंपण, मग गाव

न्यूयॉर्कच्या वायव्येला, रामापोच्या डोंगरांत, टक्सिडो पार्क नावाचं एक तळ्याकाठचं गाव आहे. शेपटी नसलेल्या काळ्या डिनर जॅकेटला त्याचं नाव चिकटलं आणि मूळ गाव मागे पडलं.

ते वसवणारा पिअर लोरिलार्ड (चौथा) हा तंबाखूच्या पैशात जन्मलेला. घराण्याची पेढी १७६० पासून तपकीर विकत आलेली. याला मात्र घोड्यांचा नाद. १८८१ साली त्याच्या 'इरोक्वाय'ने इंग्लंडची एप्सम डर्बी मारली. अमेरिकेत पैदास झालेल्या घोड्याने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. मेक्सिकोच्या जंगलात माया संस्कृतीचे अवशेष शोधणाऱ्या देझिरे शार्नेलाही त्याने पैसे पुरवले. शार्नेने कृतज्ञतेपोटी याश्चिलान या प्राचीन नगराला चक्क लोरिलार्डचं नाव देऊन टाकलं!

१८८५ मध्ये त्याचं लक्ष घराण्याच्या पडीक जंगलाकडे वळलं. मित्रमंडळींना शिकारीला, मासेमारीला हक्काची जागा हवी होती. वास्तुविशारद ब्रूस प्राइस आणि अभियंता अर्नेस्ट बोडिच यांना त्याने कामाला जुंपलं. इटलीतून आणि स्लाव मुलखातून आलेले सुमारे १,८०० मजूर ऐन हिवाळ्यात राबले. आठ फूट उंच काटेरी कुंपण, रस्ते, नळ, गटारं, ट्राउट माशांच्या पैदाशीचे हौद, क्लबहाऊस, बंगले, असं सगळं काही महिन्यांत उभं राहिलं. १८८६ च्या मे अखेरीस खास गाडीने पाहुणे उतरले, तेव्हा क्लबच्या हिरव्या-सोनेरी रंगांतल्या गाड्या दिमतीला होत्या आणि शिकारीचे रखवालदार टिरोलच्या डोंगरी पोशाखात उभे. हौसेला मोल नसतं ते असं.

बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनला १८८२ मध्येच 'द कंट्री क्लब' निघाला होता. पण तिथे दिवसभर खेळून माणूस आपल्या घरी परतायचा. लोरिलार्डने घरच क्लबच्या आत आणलं. प्लॉट मिळायचा तो सभासदालाच. नुसती थैली मोकळी करून भागत नसे, आधी क्लबची पसंती लागे. आपल्याकडच्या जातवार सोसायट्या पाहिलेल्यांना यात नवल वाटू नये. दुकानदार आणि कामकरी मात्र फाटकाबाहेरच्या वस्तीत राहत.

जॅकेटचा किस्सा १८८६ च्याच ऑक्टोबरातल्या नृत्यसमारंभाचा. लोरिलार्डचा मुलगा ग्रिझवोल्ड आणि त्याचे दोस्त आखूड कोट घालून आले, असं सांगतात. मला त्यापेक्षा प्राइसचे दगडांचे आणि लाकडी फळकुटांचे बंगले महत्त्वाचे वाटतात. तरुण वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने १८८९ मध्ये ओक पार्कला स्वतःचं घर बांधलं, त्याच्या दर्शनी त्रिकोणात प्राइसची छाप उघड दिसते.

प्राइसची मुलगी एमिली पोस्ट याच वर्तुळात वावरली. पुढे १९२२ मध्ये तिने शिष्टाचारावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्या फाटकातून आत पाऊल टाकण्याची ज्यांना कधी संधी मिळाली नसती, अशा असंख्य घरांत तो पोहोचला.