रूट कॅनाल : खरे काम धुण्याचे

दाढ ठणकायला लागली की आपल्या पालीत आधी लवंग, मग मेडिकलमधली गोळी आणि शेवटी ‘काढूनच टाका’ असे होते. डॉक्टरांनी रूट कॅनाल सुचवले की आपण विचारतो, ‘एका दाताला इतक्या फेऱ्या कशाला?’ रत्नागिरीची एसटी, बुडालेली मजुरी, वर उपचाराचा खर्च. प्रश्न रास्त आहे. म्हणून त्या फेऱ्यांत दाताच्या आत काय चालते, ते आज पाहू.

कीड नसेपर्यंत पोहोचली की मुळातली नळी सडते. डॉक्टर बारीक सुयांसारख्या फाइलने ती खरवडतात. आपल्याकडचा जांभ्याचा चिरा आठवा. चिरा कापला की भुकटी त्याच्या भोकांत जाऊन बसते. ती धुतल्याशिवाय गिलावा नीट धरत नाही. दाताचेही तसेच. नळीच्या भिंतीला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. खरवडल्यावर भुकटीचा थर त्यांच्यावर बसतो आणि आत जंतू दडून राहतात.

हा थर काढायला दोन औषधे लागतात. पहिले सोडियम हायपोक्लोराइट. ते जंतू मारते, सडलेले मांस विरघळवते. पण भुकटीतल्या कॅल्शियमवर त्याचे काही चालत नाही. तिथे ईडीटीए लागते. अशा औषधांना ‘चिलेटिंग’ म्हणतात. खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले आहे. नांगीत पकडावे तसे ईडीटीए कॅल्शियम पकडते आणि थर सुटतो. रक्ततपासणीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीतही हेच असते. तिथे कॅल्शियम पकडून ते रक्त गोठू देत नाही.

नॉर्वेचे नायगार्ड-ओस्बी यांनी 1957 साली रूट कॅनालसाठी त्याचा वापर सुचवला. आज साधारण 17 टक्क्यांचे द्रावण शेवटी मिनिटभर वापरतात. जास्त वेळ ठेवले तर भिंतच झिजते. दोन्ही औषधे एकत्र झाली तर हायपोक्लोराइटचा जोर उतरतो, म्हणून ती पाळीपाळीने वापरतात. ही औषधे डॉक्टरांच्याच हातची. घरी ब्लीचने गुळण्या करण्याचा खुळेपणा कुणी करू नये.

आपण काय करायचे? डॉक्टरांना न लाजता विचारा : नळी कशाने धुणार? दाताभोवती रबर डॅम लावणार का? मधुमेह, गरोदरपण, ॲलर्जी, चालू गोळ्या आधीच सांगा. दुखणे थांबले म्हणून मधल्या फेऱ्या सोडू नका. तात्पुरते सिमेंट काही दिवसांपुरतेच असते. ते झिजले की जंतू पुन्हा आत शिरतात. दाढेवर कॅप बसवेपर्यंत काम पुरे झाले असे समजू नका.

गालावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास झाला तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रत्येक दात वाचतोच असे नाही. पण जो वाचू शकतो, तो अर्धवट फेऱ्यांमुळे जाऊ नये, इतकेच आमचे सांगणे.