मॉडेल स्टोरेजमधून मेमरीत येते तेव्हा

मोडी लिपीतली सुटी अक्षरे ओळखणारे एक छोटे अ‍ॅप मी हौसेने बांधत होतो. जुनी दप्तरे ठेवलेल्या खोल्यांत नेटची रेंज क्वचितच मिळते, आणि कोणाच्या घरची कागदपत्रे परक्या सर्व्हरवर पाठवणे मला पटत नाही. म्हणून ओळखण्याचे सगळे काम फोनमध्येच व्हायला हवे होते. माझ्या फोनवर ते झालेही. मात्र २ जीबी मेमरीच्या एका जुन्या फोनवर अ‍ॅप उघडताच बंद पडू लागले. गणित बरोबर होते. मॉडेलची फाइल उचलण्याची माझी पद्धत चुकली होती.

मशिन लर्निंगचे मॉडेल म्हणजे शेवटी आकड्यांचे गाठोडे. शिकताना ठरलेली लाखो ‘वजने’ एका फाइलीत ओळीने लिहून ठेवलेली असतात. गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये खास मोबाइलसाठी मांडलेल्या मोबाइलनेटमध्ये अशी सुमारे ४२ लाख वजने आहेत. प्रत्येकाला चार बाइट धरले तर फाइल १७ एमबीच्या आसपास जाते. थोडी अचूकता सोडून तेच आकडे एकेका बाइटात बसवले, तर साधारण ४ एमबी. माझे मॉडेल याच्या काही पट मोठे होते.

अँड्रॉइडचे अ‍ॅप ज्या एपीके फाइलीतून येते, ती मुळात झिप फाइल असते. तिच्यात मॉडेल कॉम्प्रेस करून ठेवले असेल, तर ते आधी मेमरीत उलगडावे लागते. मी वर त्याची आणखी एक प्रत करून इंजिनाला देत होतो! अ‍ॅपच्या वाट्याची मेमरी त्यातच संपायची.

टेन्सरफ्लो लाइटच्या (२०२४ पासून नाव लाइटआरटी) फाइली फ्लॅटबफर्स नावाच्या मांडणीत असतात. ही मांडणी गूगलमध्ये मुळात गेम्ससाठी तयार झाली. तिच्यातला आकडा वाचायला फाइल सोडवून नव्याने रचावी लागत नाही. तो जागच्या जागी वाचता येतो. याला जोड मिळते मेमरी मॅपिंगची. ऑपरेटिंग सिस्टम फाइलीला फक्त पत्ते नेमून देते. खरा मजकूर पानापानाने, बहुतेक फोनांत ४ केबीचे एक पान, गरज पडेल तेव्हाच मेमरीत येतो. जागा कमी पडली तर ही पाने बिनदिक्कत टाकून देता येतात, कारण मूळ प्रत स्टोरेजवर शाबूत असते. आपण स्वतः करून ठेवलेली प्रत अशी टाकता येत नाही. मग अख्खे अ‍ॅपच बंद करण्याची वेळ येते.

अट एकच, एपीकेमध्ये ती फाइल कॉम्प्रेस न करता ठेवायची. बिल्डच्या सेटिंगमधली एक ओळ. वजनांचे आकडे तसेही फारसे आकसत नाहीत.

मॅपिंगमुळे मॉडेल क्षणात लोड झाल्यासारखे दिसते. मीही हुरळलो होतो. प्रत्यक्षात खर्च पुढे ढकललेला असतो: पहिले अक्षर ओळखताना पाने स्टोरेजवरून येत राहतात आणि ते रेंगाळते, दुसरे झटकन निघते. म्हणून अ‍ॅप उघडताच एक कोरे चित्र मॉडेलमधून फिरवून घ्यावे. वेगाच्या तक्त्यात पहिल्या ओळखीचा वेळ वेगळा दिलेला नसेल, तर माझा त्यावर विश्वास बसत नाही.

नंतर नेटवरून उतरवलेले मॉडेल अ‍ॅपच्या खासगी फोल्डरमध्येच ठेवावे. सामायिक जागेत ते दुसरे कोणी बदलू शकते. नवी आवृत्ती जुन्या फाइलीवर लिहू नये. मॅप केलेली फाइल मध्येच आखूड झाली, तर नाहीशा झालेल्या पानाला हात लागताच अ‍ॅप कोसळते. हे उमगायला माझ्या दोन रात्री गेल्या. नवी फाइल वेगळ्या नावाने उतरवायची, तिचा हॅश ताडून पाहायचा आणि मगच नाव बदलून तिला जुनीच्या जागी बसवायचे. अँड्रॉइडच्या तळाशी असलेल्या लिनक्समध्ये जुनीचे नाव गेले, तरी ती वाचत असलेल्या प्रोग्रॅमसाठी ती जिवंत राहते. अ‍ॅप पुन्हा सुरू झाले की नवी हाती येते. आयफोनच्या कोअर एमएलमध्ये उतरवलेले मॉडेल फोनवर कंपाइल करावे लागते, आणि तयार झालेले तात्पुरत्या जागेतून हलवून ठेवावे लागते.

त्या २ जीबीच्या फोनवर अ‍ॅप आता टिकते. ‘ळ’ अजून चुकतो, पण तो दोष फाइलीचा नव्हे, माझ्या अपुऱ्या नमुन्यांचा आहे.