वाऱ्याच्या मर्जीनं

समुद्रापासून कितीही दूर राहत असलात तरी आरमारी लढाई लढता येते. एक मोठं टेबल, त्यावर निळं कापड, फासे, मोजपट्टी आणि बोटाएवढी शिडाची जहाजं, एवढं सामान पुरतं. इंग्लंड-अमेरिकेत या खेळाचे शौकीन पुष्कळ. खऱ्या जहाजाच्या बाराशेपट लहान अशी धातूची जहाजं ते विकत घेतात, रंगवतात, त्यांवर दोर चढवतात. नेल्सनचं 'व्हिक्टरी' त्या मापात जेमतेम सहा सेंटिमीटरचं होतं. आम्ही दोघं-तिघं मित्र पुठ्ठ्याच्या जहाजांवर भागवतो.

कल्पना जुनी आहे. स्कॉटलंडच्या जॉन क्लार्क या व्यापाऱ्यानं नौदलात कधी नोकरी केली नाही. पण टेबलावर छोटी जहाजं मांडून तो लढायांचा अभ्यास करी. आरमारी डावपेचांवरचा त्याचा निबंध 1782 साली छापला गेला. पुढे खेळाच्या नियमांची पुस्तकं निघाली. 1972 सालचं 'डोन्ट गिव्ह अप द शिप' हे त्यांतलंच एक.

बुद्धिबळ खेळणारा माणूस इथं आला की आधी गोंधळतो. तिथला घोडा आपल्या चालीनं चालतो, इथलं जहाज वाऱ्याच्या मर्जीनं. वारा जिकडून येतो, तिकडे तोंड करून शिडाचं जहाज जाऊ शकत नाही. मोठ्या युद्धनौकांना त्या दिशेपासून साधारण 67 अंश तरी बाजूला राहावं लागे. म्हणून डाव मांडताना टेबलाच्या कडेला एक बाण ठेवतात. तो आमचा वारा.

दुसरी अडचण तोफांची. त्या जहाजाच्या दोन्ही कुशींना असतात. मारा करायचा तर शत्रूकडे कूस वळवावी लागते. शत्रूच्या पिछाडीमागून आडवं जाता आलं, तर गोळे त्याच्या जहाजात या टोकापासून त्या टोकापर्यंत घुसतात आणि त्याला धड उत्तर देता येत नाही. बऱ्याच नियमांत प्रत्येकानं आपली चाल गुपचूप लिहायची आणि मग सर्वांनी एकदम जहाजं हलवायची असते. अंदाज चुकला की आपलीच दोन जहाजं एकमेकांवर आदळतात.

मला लढाईची हौस नाही. मी कविता लिहिणारा माणूस. पण 'नेल्सननं शत्रूची फळी फोडली' हे इतिहासातलं वाक्य मला टेबलावर उमगलं. 21 ऑक्टोबर 1805 रोजी ट्रफाल्गरला ब्रिटिशांची 27 मोठी जहाजं होती, फ्रेंच-स्पॅनिशांची 33. वारा मंद होता. सकाळी सहाच्या सुमाराला दिसलेल्या शत्रूला गाठायला दुपार झाली. 'व्हिक्टरी'चं तोंड शत्रूकडे होतं, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात गोळे अंगावर घेत जावं लागलं; तिचं सुकाणूचं चाकही उडालं. मग 'ब्यूसांतोर' या फ्रेंच जहाजाच्या पिछाडीमागून जाताना तिच्या तोफा सुटल्या. टेबलावर ती वाट काही वितींची असते. तरी एकेक चाल सरकताना जीव टांगणीला लागतो.

श्रोतेहो, प्रत्येक जहाजाचा एक कागद असतो. त्यावर डोलकाठ्या, तोफा आणि खलाशी यांच्या चौकटी असतात. गोळा लागला की पेन्सिलीनं एक चौकट खोडायची. खलाशांची चौकट खोडताना माझा हात थोडा अडखळतो. ट्रफाल्गरला ब्रिटिशांचेच सुमारे साडेचारशे जण ठार झाले, समोरच्या बाजूचे त्याहून कितीतरी जास्त.

आणि खेळात जे नसतं, तेही सांगायला हवं. लढाईनंतर मोठं वादळ आलं. जिंकून घेतलेली बरीचशी जहाजं त्यात गेली; फक्त चार जिब्राल्टरला पोचली. वादळानं जिंकणारे-हरणारे असा भेद केला नाही. आमच्या टेबलावर शेवटचा फासा पडला की डाव संपतो, बाण डबीत जातो. खऱ्या समुद्रावर तोफा थांबल्या, वारा थांबला नाही.