गृहभेटीची विद्यार्थिनी दारी आली की

आमच्या पवनारच्या वस्तीत गणवेशातल्या चार-पाच मुली वह्या घेऊन शिरल्या की बाया एकमेकींना सांगतात, "लिवनाऱ्या पोरी आल्या." लिहिणाऱ्या! तपासणाऱ्या नाही, सांगणाऱ्या नाही. घरात माणसं किती, संडास आहे का, पाणी कुठलं, उत्पन्न किती, एवढं लिहून झालं की पुढचं घर. महिन्याभरानं दुसऱ्या मुली येतात आणि तेच प्रश्न विचारतात. पहिल्यांनी लिहिलेलं कुठं गेलं ते ना त्यांना माहीत, ना घरच्यांना.

आपल्या वर्धा जिल्ह्याला शिकाऊ डॉक्टर आणि परिचारिका नवीन नाहीत. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलं. तिथली प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. पहिल्याच वर्षी मुलं पंधरा दिवस त्या गावात राहतात, प्रत्येकाला काही कुटुंबं वाटून दिलेली असतात आणि पुढेही त्याच घरी ती जात राहतात. देशभरच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांसाठी कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम आला तो २०२१-२२ च्या तुकडीपासून. नर्सिंगच्या मुलींना तर सामाजिक आरोग्याच्या पोस्टिंगमध्ये घरोघर जावंच लागतं. योजना चांगलीच आहे. माझं भांडण आहे ते एकाच वेळी येऊन कायमचं निघून जाणाऱ्या भेटीशी.

हे भांडण आधी माझं माझ्याशीच आहे. डिप्लोमा करताना मीही लिहिणारी पोरगी होते. दुपारच्या उन्हात पाच घरांचे फॉर्म भरायचे होते. त्यातल्या एका घरी नऊ दिवसांचं बाळ होतं. आजी म्हणाली, "आत्ताच निजलं, उठवू नको बाई." मी कापड बाजूला न करताच लिहिलं, 'बाळ ठीक.' बाकीचे दोन फॉर्म तर आम्ही लिंबाच्या झाडाखाली बसून शेजारणीला विचारूनच भरले. दोन दिवसांनी ते बाळ नाळेतला पू अंगात भिनल्यामुळे दवाखान्यात भरती झालं. वाचलं, पण माझ्यामुळे नाही. शेजारच्या बाईनं पू पाहिला म्हणून. माझ्या फॉर्मवर मात्र शिक्षिकेची सही झाली आणि मला पूर्ण गुण मिळाले.

गृहभेटीची पिशवी कशी उघडायची हे आम्हाला आधी शिकवतात. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर पिशवी ठेवायची, घरच्यांकडून पाणी मागून साबणानं हात धुवायचे आणि मगच बाळाला हात लावायचा. पुस्तकात ही सगळ्यात सोपी पायरी आहे. गावात तीच अवघड ठरते. एका मोठ्या वाड्यात मी पाणी मागितलं तर आधी आडनाव विचारलं गेलं, मग गडव्यातून माझ्या हातावर वरून धार धरली गेली आणि बाळ ओसरीवर आणून दाखवलं गेलं. उलटंही पाहिलंय. आपल्या वस्तीत आलेल्या काही मुली उंबऱ्याबाहेर उभ्या राहून प्रश्न विचारतात, बसायला टाकलेल्या चटईकडे पाहत नाहीत. हात न धुता बाळ तपासता येत नाही, म्हणून त्या बाळ तपासतच नाहीत. अतिसारानं घाणीत पडून राहिलेल्या भिक्खूची गोष्ट आपण विहारात ऐकतो. तथागतांनी स्वतः पाणी ओतलं आणि आनंदानं त्याचं अंग धुतलं. नर्सिंगच्या प्रत्येक वर्गात ही गोष्ट सांगायला हवी असं मला वाटतं.

भेटीनं खरंच काय साधतं याचा पुरावा आपल्या विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. पुढे २०११ मध्ये देशभर हे काम आशाताईंकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट, घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. त्यानंतर ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात. हजारभर लोकवस्तीला एक आशाताई, तिच्यामागे सर्वेक्षणांचा ढीग. विद्यार्थिनीची खरी जागा तिच्या सोबतीला आहे, तिच्या तारखा धरून.

आता घरातल्या आयांनो, आज्यांनो, तुमच्यासाठी. विद्यार्थिनी आली की बाळाचे कपडे सोडून दाखवा. नाळ, त्वचा, छाती पाहायला सांगा. वजन करायला लावा. जन्माचं वजन अडीच किलोच्या आत असेल तर ते बाळ जास्त भेटींचं. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला सांगा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असेल, छाती आत ओढली जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, अंग गार किंवा तापलेलं असेल, झटका आला असेल, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा. सहा महिन्यांवरच्या लेकराचा दंड पट्टीनं मोजायला लावा. ११.५ सेंटीमीटरच्या आत आला तर ते तीव्र कुपोषण आहे.

आणखी एक प्रश्न तुम्हीच काढा, कारण फॉर्ममध्ये तो बहुधा नसतो. सिकलसेल. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासींमध्ये हा आजार बराच आहे. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. सहा महिन्यांनंतर बाळाचे हातपाय सुजून ते रडत राहिलं तर 'दात येतात' म्हणून सोडू नका, रक्त तपासा. लपवण्यासारखं यात काही नाही. लग्न जुळवताना लपवतो आणि नंतर लेकरू भोगतं.

आम्ही काही बायांनी विहारात एक वही ठेवली आहे. वस्तीत बाळ जन्मलं की तारीख, वजन आणि पुढच्या सहा भेटींचे दिवस लिहायचे. ज्या दिवशी भेट होते त्या दिवशी आशाताई किंवा विद्यार्थिनी सही करते आणि काय पाहिलं ते एका ओळीत लिहिते. दुसरी मुलगी आली की आधी ती ओळ वाचते. सुरुवातीला एका शिक्षिकेनं नाक मुरडलं, "आमचे फॉर्म वेगळे आहेत." मी म्हटलं, फॉर्म तुमचे भरा, पण बाळ आमचं आहे. आता त्याच बाई मुलींना आधी विहारात पाठवतात. एका मुलीनं तर पोस्टिंग संपल्यावरही रविवारी येऊन २८ व्या दिवसाची सही केली.

या घडीला वहीत तीन बाळं आहेत. सगळ्यात धाकटी दोन किलो दोनशे ग्रॅमची आहे आणि तिचा चौदावा दिवस येत्या गुरुवारी.