मुदत संपलेला संगणक

आपल्या बहुतेक सभासदांच्या घरी आज एखादा संगणक आहे, आणि तो नसला तरी फोन आहेच. मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, नोकरीचे अर्ज, परीक्षेची प्रवेशपत्रे, बँकेचे व्यवहार ही सर्व कामे आता याच यंत्रांवर होतात. परंतु यंत्र चालू आहे म्हणजे ते सुरक्षितही आहे, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसलेला दिसतो. पंखा वीस वर्षांचा झाला तरी वारा देतोच. त्याच हिशेबाने आपण जुना संगणकही वापरीत राहतो. हा हिशेब संगणकाला का लागू पडत नाही, हे विद्यार्थी मित्रांना व पालकांना समजावे, एवढ्यासाठी प्रस्तुत लेखात थोडी माहिती देत आहोत.

संगणक सुरू केल्याबरोबर जो मूळ प्रोग्रॅम सर्व कारभार हाती घेतो, त्यास ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज, अँड्रॉइड, लिनक्स ही त्याची नेहमीची नावे. इंटरनेटवरील पाने ज्यातून आपण पाहतो तो क्रोम किंवा फायरफॉक्ससारखा प्रोग्रॅम म्हणजे ब्राउझर. हे प्रोग्रॅम कोट्यवधी ओळींचे असतात आणि माणसांनी लिहिलेले असल्यामुळे त्यांत चुका राहतात. काही चुका अशा असतात की, त्यांचा फायदा घेऊन बाहेरचा माणूस आपल्या संगणकात शिरू शकतो. अशी चूक उघडकीस आली की बनवणारी कंपनी दुरुस्ती पाठवते. मायक्रोसॉफ्ट कंपनी ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजच्या दुरुस्त्या देत आली आहे. आपण ज्याला 'अपडेट' म्हणतो आणि 'नंतर' हे बटण दाबून पुढे ढकलतो, त्यात मुख्यतः हाच माल असतो.

परंतु ही सेवा कायमची नसते. विंडोज एक्सपी २००१ साली बाजारात आली. तिच्या नियमित दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी बंद झाल्या. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्या तारखेनंतर संगणक बंद पडत नाही. पडद्यावर सर्व काही पूर्वीसारखेच दिसते, आणि म्हणूनच कोणाला काही वाटत नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण संपूर्ण विषयाची मेख तीच आहे. दुरुस्ती जाहीर झाली की ती आपल्याप्रमाणे चोरालाही मिळते. दुरुस्तीपूर्वीची फाईल आणि नंतरची फाईल शेजारी ठेवून कोठे फरक केला आहे हे पाहिले, की मूळ भगदाड कोठे होते ते जाणकाराला सापडते. म्हणजे ज्याने दुरुस्ती बसवली तो सुटला, आणि ज्याने बसवली नाही त्याच्या घराचा नकाशा चव्हाट्यावर आला. नवीन विंडोजमध्ये जुन्या विंडोजचा बराच भाग तसाच घेतलेला असतो. त्यामुळे नव्यासाठी निघालेली दुरुस्ती जुन्यातील भगदाडही दाखवून देते. फरक इतकाच की जुन्यासाठी बुजवायला कोणी येणार नसते. संगणक जितका जुना, तितकी त्याच्या दोषांची माहिती जगजाहीर.

याचे सर्वात बोलके उदाहरण २०१७ सालचे आहे. विंडोजमध्ये एकाच जाळ्यावरील संगणकांना आपापसांत फाईली देण्याघेण्याची जी सोय असते, तिच्यातील एक दोष अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला ठाऊक होता आणि त्या संस्थेने त्यावर चालणारे हत्यारही तयार केले होते. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी या दोषाची दुरुस्ती काढली. १४ एप्रिलला 'शॅडो ब्रोकर्स' नावाच्या अज्ञात टोळीने ते हत्यार इंटरनेटवर उघड केले. आणि शुक्रवार १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा प्रोग्रॅम सुटला. दुरुस्ती निघाल्याला तोपर्यंत ५९ दिवस झाले होते.

वॉनाक्राय संगणकातील सर्व फाईली कुलूपबंद करी आणि ३०० डॉलर मागे. त्याला पसरण्यासाठी कोणी चिठ्ठी उघडावी, कोठे बोट दाबावे असे काहीच लागत नव्हते. एका संगणकातून तो स्वतःच दुसरा शोधून काढी. थोड्याच दिवसांत सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना त्याची लागण झाली. मार्कस हचिन्स या तरुण ब्रिटिश अभ्यासकाच्या लक्षात आले की, हा प्रोग्रॅम काम सुरू करण्यापूर्वी एका लांबलचक, अस्तित्वात नसलेल्या संकेतस्थळाचा पत्ता शोधतो. त्याने तो पत्ता थोडक्या पैशांत स्वतःच्या नावावर नोंदवला. तेथून उत्तर येऊ लागताच प्रसार थांबला. नाहीतर नुकसान कितीतरी मोठे झाले असते.

सर्वाधिक चर्चा झाली ती ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची. इंग्लंडमधील या सेवेच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णालय-संस्थांना झळ पोहोचली. रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या, शस्त्रक्रिया पुढे गेल्या, आणि रद्द झालेल्या भेटींची संख्या १९ हजारांहून अधिक असावी असा अंदाज तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने दिला. ज्यांची तपासणी त्या आठवड्यात व्हायची होती त्यांत गरीब-श्रीमंत सगळेच होते. संगणकाचा दोष हा केवळ कार्यालयाचा प्रश्न राहिला नाही.

वर्तमानपत्रांनी त्यावेळी सर्व खापर एक्सपीवर फोडले. तसे करणे सोपे होते, कारण एक्सपीची कथा सर्वांना माहीत होती: ब्रिटिश सरकारने २०१४ मध्ये सुमारे ५५ लाख पौंड मोजून सरकारी संगणकांसाठी एक वर्षाच्या जादा दुरुस्त्या विकत घेतल्या आणि वर्ष संपल्यावर तो करार पुढे चालवला नाही. परंतु लेखापरीक्षकांच्या अहवालात दिसते ते निराळेच. हल्ल्याच्या वेळी आरोग्यसेवेत एक्सपीचे संगणक शेकडा पाचांच्या आत होते. लागण झालेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते, म्हणजे तेव्हा मुदत शिल्लक असलेले. त्यांच्यासाठी दुरुस्ती आलेली होती, ती बसवा अशा सूचनाही मार्च व एप्रिलमध्ये गेल्या होत्या, बसवली नव्हती. आमच्या मते या प्रकरणातला हाच भाग विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. जुनेपण संगणकाच्या वयात नसते, शेवटची दुरुस्ती कधी बसली त्यात असते.

हे सगळे विलायतेतले, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, 'नॉटपेट्या' नावाचा आणखी घातक प्रोग्रॅम युक्रेनमधून निघाला. त्यानेही तेच हत्यार वापरले होते, शिवाय संगणकातील पासवर्ड चोरून पुढे जाण्याची युक्ती जोडली होती; त्यामुळे एका जाळ्यातील एक कच्चा संगणक सापडला की दुरुस्त केलेले संगणकही हाती लागत. मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक त्यात बसले आणि कंपनीने आपला तोटा २० ते ३० कोटी डॉलर सांगितला. याच समूहाकडे उरणजवळच्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनल आहे. तेथील काम थंडावले, आणि कंटेनरच्या नोंदी हाताने करण्याची पाळी आली. मुंबईच्या खाडीपलीकडे उभ्या असलेल्या ट्रकांच्या रांगेचे मूळ युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये होते.

आता ब्राउझरविषयी. अनोळखी माणसांनी लिहिलेला मजकूर दिवसभर आपल्या संगणकात आणून उघडण्याचे काम ब्राउझर करतो, म्हणून तोच सर्वात उघडा दरवाजा होय. जानेवारी २०१० मध्ये गुगलने आपल्यावर मोठा हल्ला झाल्याचे जाहीर केले. हल्लेखोरांनी इंटरनेट एक्सप्लोररमधील एक दोष वापरला होता, आणि त्यांचे मुख्य लक्ष्य त्याची २००१ सालची सहावी आवृत्ती होती. जर्मन सरकारच्या माहिती-सुरक्षा कार्यालयाने तर, दुरुस्ती येईपर्यंत हा ब्राउझरच वापरू नका, असा सल्ला नागरिकांना दिला. आपल्याकडे मात्र कित्येक कार्यालयीन संकेतस्थळांवर 'इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल' ही पाटी त्यानंतरही बराच काळ लटकत होती. तो ब्राउझर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला.

ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांची सांगड असते. विंडोज ७ वर क्रोमची १०९ वी आवृत्ती शेवटची ठरली. ती जानेवारी २०२३ ची. म्हणजे जुन्या विंडोजवर बसून 'माझा क्रोम आहे ना' असे म्हणण्यात अर्थ नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना विद्यार्थी आधार, जातीचा व उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक असे सर्व कागद एकाच बैठकीत संगणकावर चढवतो. ती बैठक एखाद्या सायबर कॅफेतील विंडोज ७ वर होत असेल, तर हे कागद कोणत्या यंत्रावर ठेवत आहोत याचा विचार अर्जाइतकाच महत्त्वाचा आहे. निदान काम झाल्यावर फाईली पुसाव्यात, पासवर्ड साठवू देऊ नये आणि घरी येऊन तो बदलावा.

अँटीव्हायरस टाकला की झाले, असेही पुष्कळांना वाटते. अँटीव्हायरस ओळखीचा चोर पकडतो. भिंतीतले भगदाड तो बुजवत नाही. आणखी एक आपल्याकडची रीत सांगितली पाहिजे. परवान्याविना विंडोज टाकून देणारे काही दुकानदार, बिंग फुटू नये म्हणून अपडेटच बंद करून देत. असा संगणक विकत घेतल्या दिवसापासून जुना!

फोनलाही हेच लागू आहे. २०१५ साली अँड्रॉइडमधील 'स्टेजफ्राइट' हा दोष उघडकीस आला, ज्यात नुसता एक चित्र-संदेश येऊन पडणे पुरेसे होते. त्याच वर्षी ऑगस्टपासून गुगलने दरमहा सुरक्षा-दुरुस्त्या देणे सुरू केले. आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये 'फोनविषयी' या भागात शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख लिहिलेली असते. ती दोन-तीन वर्षांमागची असेल, तर त्या फोनवर बँकेचा व्यवहार न करणे बरे.

विंडोज १० वाल्यांपुढील अडचण खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. विंडोज ११ ला सुरक्षेची एक विशिष्ट चिप लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तिला चालत नाहीत. धडधाकट संगणक केवळ तेवढ्यासाठी भंगारात काढणे सामान्य कुटुंबाला परवडणारे नाही, आणि कंपनीचा हा निर्णय आम्हास न्याय्यही वाटत नाही. मुदत संपताना कंपनीने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा दुरुस्त्यांची नोंदणी देऊ केली होती. त्यापुढे उबुंटू किंवा लिनक्स मिंट हा विनामूल्य मार्ग आहे. त्यांच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात, ब्राउझर नवा चालतो आणि युनिकोड मराठीही उत्तम उमटते. महाविद्यालयातील दोन-तीन विद्यार्थ्यांनी एका रविवारी बसून सभासदांचे असे संगणक तयार करून देणे अवघड नाही. आधी सर्व फाईलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून घ्यावी.

राहता राहिले छापखाने. मराठी मजकुराची जुळणी पेजमेकर आणि जुन्या फॉन्टांच्या सॉफ्टवेअरवर करणाऱ्या पुष्कळ ठिकाणी त्यासाठीच एक्सपीचा एखादा संगणक जपून ठेवलेला असतो. आपल्या स्मरणिकांसारखी कामे वर्षानुवर्षे अशाच यंत्रांवर झाली. तो टाकून द्या असे आम्ही म्हणणार नाही. त्याची इंटरनेटची तार मात्र काढावी आणि वायफायही बंद ठेवावे. मग उरतो पेनड्राइव्ह. २००८ च्या नोव्हेंबरात सुटलेला 'कॉन्फिकर' पुढे पेनड्राइव्हवरूनही पसरू लागला, कारण पेनड्राइव्ह लावताच त्यातील प्रोग्रॅम आपोआप सुरू होण्याची सोय एक्सपीत होती. ती बंद करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये सर्वांच्या संगणकांवर पाठवली. एक्सपीचा संगणक त्याआधीच अपडेटविना राहिलेला असेल, तर ती सोय अजूनही चालू असणार, आणि छापखान्यात दिवसभर येणाऱ्या ग्राहकांचे पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या, अद्ययावत संगणकावर तपासूनच त्याला लावावे लागतील.