आपल्या परसातील कोळी

पावसाळा सरून आश्विन लागला, की घरोघर झाडलोट सुरू होते. दसरा-दिवाळीच्या आधी माळवदाखालची धूळ उतरते, देवळ्या पुसल्या जातात, आणि लांब बांबूला केरसुणी बांधून कोपऱ्याकोपऱ्यांतील जळमटे काढली जातात. हे योग्यच आहे. परंतु घरातले काम संपवून हीच केरसुणी परसात पोहोचते, आणि कढीपत्ता व जास्वंद यांच्यामध्ये ताणलेले ताजे जाळेही एका फटकाऱ्याने नाहीसे होते, तेव्हा मात्र थोडे थांबून विचार करावयास हवा. घरातील जळमट म्हणजे बहुधा टाकून दिलेले, धुळीने भरलेले जुने जाळे. बागेतील जाळे म्हणजे चालू असलेला उद्योग. पडक्या घरात आणि नांदत्या घरात जो फरक, तोच या दोहोंत आहे.

हुमनाबादसारख्या गावी एकाच अंगणात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषा कानावर पडतात, आणि या लहानशा जीवाची दोन निराळी ओळख करून देतात. मराठीत कोळी म्हणजे जाळे टाकून मासे धरणाराही. कन्नडमध्ये त्याला ‘जेड’ म्हणतात, आणि विणकरासही तोच शब्द आहे. बसवेश्वरांच्याही आधीचे वचनकार जेडर दासिमय्या हे आजच्या यादगीर जिल्ह्यातील मुदनूरचे. त्यांच्या नावातील ‘जेडर’ हा शब्द विणकरांचाच. संस्कृतात याला ऊर्णनाभ असे नाव मिळाले, म्हणजे ज्याच्या नाभीतून लोकर निघते तो. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत, त्यांतही कोळी आहे. माणिकप्रभूंच्या माणिकनगरामुळे दत्तसंप्रदाय ज्या गावाच्या परिचयाचा आहे, तेथे तरी या गुरूची थोडी विचारपूस व्हावी, ही अपेक्षा अवास्तव नव्हे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय, तर कोळ्याला आठ. कीटकाच्या शरीराचे तीन भाग, तर कोळ्याच्या शरीराचे दोन. कोळ्याला पंख नसतात व मिशाही नसतात. डोळे मात्र बहुतेकांना आठ. त्याचा धागा नाभीतून येत नाही; पोटाच्या मागील टोकाशी असलेल्या बारीक तोट्यांतून तो येतो. शरीरात तो द्रवरूप असतो आणि ओढला जाताच घट्ट होतो. वजनाच्या मानाने पाहिले तर या धाग्याचे उत्तम प्रकार पोलादाहूनही बळकट ठरतात. मुंडकोपनिषदात हा प्राणी धागा बाहेर टाकतो आणि पुन्हा आत घेतो, असा दृष्टांत आहे. निरीक्षणाच्या दृष्टीनेही तो खरा आहे; कारण चक्राकार जाळे विणणारे कित्येक कोळी जुने जाळे खाऊन टाकतात व त्याच द्रव्याचा उपयोग नव्या जाळ्यासाठी करतात.

आता परसात फेरफटका मारू. पावसाच्या अखेरीस झुडपांमध्ये एक मोठे वर्तुळाकार जाळे दिसते. त्याच्या मध्यभागी पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली असते, आणि त्या फुलीवर पिवळ्या पट्ट्यांची कोळीण डोके खाली करून बसलेली असते. तिचे आठ पाय दोन-दोन जोडून ठेवलेले असल्यामुळे प्रथम चारच पाय आहेत असे वाटते. नर तिच्यापेक्षा फारच लहान असतो. ही फुली कशासाठी, याविषयी शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. किडे आकर्षित व्हावेत म्हणून, असे कोणी म्हणतात. पाखरांनी जाळे तोडू नये म्हणून, असे दुसरे सांगतात. या जाळ्याचे आरे कोरडे असतात व त्यांवरील फेरे चिकट. कोळीण नजरेवर फारशी विसंबत नाही; धाग्यांच्या कंपनावरून काय सापडले हे ती ओळखते.

परंतु सर्वच कोळी जाळे विणीत नाहीत. कडुनिंबाच्या खोडावर सालीच्याच रंगाचा, चपटा, मागे दोन शेपट्यांसारखे अवयव असलेला एक कोळी चिकटून बसतो. सावज जवळ आले, की तो त्याच्याभोवती भराभर फेऱ्या मारून त्याला धाग्यांनी जखडून टाकतो. फुलांवर खेकड्यासारखे आडवे चालणारे कोळी दबा धरून बसतात. भिंतीवर व पानांवर लहानसे केसाळ कोळी टुणकन उडी मारून माशी पकडतात. त्यांची नजर इतकी चांगली असते, की आपण बोट पुढे केले तर ते वळून पाहतात. जमिनीवरील पाचोळ्यात धावणारी एक जात आहे. तिची मादी अंड्यांची गोल पिशवी मागे बांधून हिंडते, आणि पिल्ले बाहेर पडली की त्यांना पाठीवर घेते. कुंपणाच्या बाभळीवर कधी वाळकी पाने व धागे यांचे राखी गुंडाळे दिसते. दख्खनच्या कोरड्या माळावर आढळणाऱ्या, एकत्र राहणाऱ्या कोळ्यांची ती वसाहत असते. यांतील माता आपल्या पोटातील अन्न ओकून पिल्लांना भरवतात, आणि शेवटी पिल्ले त्या मातेलाच खाऊन टाकतात.

हे सर्व ऐकून कोणी विचारील, पण ते विषारी नाहीत काय? जवळजवळ सर्वच कोळ्यांना विष असते. परंतु ते माशी-टोळासाठी बेतलेले असते. बागेत नेहमी दिसणारे कोळी माणसापासून दूर पळतात, आणि हाताने दाबल्याखेरीज सहसा चावत नाहीत. अंगावर एकाएकी जळजळणारे फोड उठले, की ‘कोळी अंगावरून गेला’ असे म्हणण्याची रीत आहे. असे पुष्कळ फोड वस्तुतः पावसाळ्यात दिव्यावर येणाऱ्या एका बारीक, तांबड्या-काळ्या भुंगेऱ्यामुळे येतात. तो कातडीवर चिरडला गेला, की त्याच्या अंगातील दाहक द्रव्य लागते. अपराध भुंगेऱ्याचा आणि शिक्षा कोळ्याला, असा हा प्रकार आहे.

कोळी किती खातात, याचा एक हिशेब २०१७ साली मार्टिन निफेलर आणि क्लाउस बिर्कहोफर या शास्त्रज्ञांनी मांडला. जगातील सर्व कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य, मुख्यतः कीटक, फस्त करतात, असा त्यांचा अंदाज आहे. यांतील शेकडा ९५ हून अधिक वाटा अरण्यांतील व गवताळ प्रदेशांतील कोळ्यांचा आहे. शेतजमिनीचा वाटा अगदी थोडा आहे. कारण जेथे वारंवार नांगरणी, कापणी व फवारणी होते, तेथे कोळ्याला स्वस्थपणे वस्ती करता येत नाही.

खरा प्रश्न येथेच आहे. वालाच्या वेलावर मावा दिसला किंवा भेंडीवर तुडतुडे आले, की आपण औषधाचा पंप हाती घेतो. हे औषध मावा मारते आणि कोळीही मारते. पण माव्याची पुढची पिढी काही दिवसांत तयार होते, तर कोळ्याचे पिल्लू मोठे व्हावयास कित्येक आठवडे किंवा महिने लागतात. त्यामुळे किडी परत येतात, तेव्हा राखणदार जागेवर नसतो. मग पुन्हा फवारणी होते, आणि तीच भाजी घरातील मुलांच्या ताटात येते. हे अनुभवाने कळण्यास इंडोनेशियाला मोठी किंमत द्यावी लागली. तेथे भाताच्या पिकावर औषधांचा मारा झाल्याने कोळ्यांसारखे शत्रू मेले, आणि तपकिरी तुडतुड्यांचा उपद्रव उलट वाढला. अखेर १९८६ साली तेथील सरकारने भातावर ५७ कीटकनाशके वापरण्यास बंदी घातली.

कोळी हा सर्व रोगांवरचा उतारा आहे, असे मात्र समजू नये. तुरीच्या शेंगेत शिरलेली घाटेअळी त्याच्या हाती लागत नाही. जाळ्यात फुलपाखरू सापडले, मधमाशी सापडली, तर तिचीही तो गय करीत नाही. तोही कोणाचे तरी अन्न आहेच. भिंतीवर मातीचे घर बांधणारी कुंभारीण लुळे केलेले कोळी त्यात भरून ठेवते. जुने घर फोडून पाहिल्यास ते दिसतात. परंतु किडींची संख्या आवाक्यात ठेवण्याचे काम हा राखणदार रात्रंदिवस करीत असतो. सावज मिळाले नाही तरी तो आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतो.

त्याच्यासाठी आपण करावयाचे ते फारसे नाही. घरातील जळमटे खुशाल काढावीत. बागेतील जाळे वाटेवर आडवे येत नसेल तर राहू द्यावे. झाडांच्या बुडाशी थोडा पालापाचोळा असू द्यावा. मावा दिसताच प्रथम पाण्याच्या जोरदार धारेने धुवावा, अळ्या हाताने वेचाव्यात, आणि औषधाचा विचार सर्वांत शेवटी करावा. आणि एखाद्या सकाळी दव पडले असताना मुलांना परसात नेऊन, तेथे किती जाळी आहेत ती मोजावयास सांगावे. ज्या बागेत ही संख्या मोठी भरेल, त्या बागेची भाजी निर्धास्तपणे खावी.